होडीने आणि पायी : वासोट्याच्या रानात

(मंडळाच्या सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी एखाद्या यात्रेचा वृत्तान्त ऐकण्याची आपल्याला सवय आहे. अष्टविनायक झाले, पंढरपूर झाले, चारधाम तर दोनदा झाले. या वेळी आमची यात्रा जरा निराळी होती. गेल्या डिसेंबरात मंडळातले आम्ही अकरा जण सातारा जिल्ह्यात कोयनेच्या काठी, वासोटा किल्ल्याच्या जंगलात जाऊन आलो. अर्धी वाट होडीने आणि अर्धी पायी. अकरांपैकी पाच जणांनी साठी ओलांडलेली होती आणि एक काकू गुडघ्याला पट्टा बांधून चालत होत्या, एवढे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे ऐकताना कुणी आम्हाला गिर्यारोहक समजणार नाही. इथे बोलायला एकच जण उभा असला तरी बोलणे अकरांचे आहे. जिथे आमच्यात एकमत नाही तिथे तसे सांगू.

निमित्त झाले ते शाळेतल्या एका नातवाच्या प्रश्नाचे. त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात उष्णकटिबंधीय वर्षावनांचा धडा होता. ॲमेझॉन, काँगो, इंडोनेशिया. त्याने विचारले, "आजोबा, आपण पण उष्णकटिबंधातच राहतो ना? मग आपल्याकडे वर्षावन का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्या बाजूने जाते. बुऱ्हाणपूर त्याच्या खाली, म्हणजे आपण उष्णकटिबंधात आहोतच. पण असीरगडाच्या घाटातून एप्रिलमध्ये जाऊन पाहा. साग उघडा, सालई उघडी, धावडा उघडा. पळस तेवढा पेटलेला. पायाखाली सागाची पाने इतकी वाजतात की शेजारच्या माणसाशी बोलायचे तर थांबावे लागते. उष्ण आहे, वन आहे, वर्षा मात्र कमी पडते.

याचे कारण डोंगरांच्या मांडणीत आहे. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे पहिल्यांदा सह्याद्रीला धडकतात. भिंत उंच, वारे ओलाव्याने जड, त्यामुळे चढता चढता तिथेच रिते होतात. महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे, सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधल्या या तापीच्या खोऱ्यात, तीस-पस्तीस इंच झाला की आपण वर्ष चांगले गेले म्हणतो. मिलिमीटरमध्ये ते साडेसातशे ते नऊशे होतात. म्हणजे तिथे आपल्या पाच-सहा पट.

जाणकार माणसे इथे एक दुरुस्ती करतात आणि ती मान्य केली पाहिजे. ॲमेझॉनच्या मधल्या भागात पाऊस जवळजवळ बारा महिने असतो. सह्याद्रीत तो चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. त्यामुळे केरळात, जिथे कोरडे महिने कमी, तिथे झाडे फार उंच होतात आणि जाती जास्त सापडतात. उत्तरेकडे येऊ तसा कोरडा काळ लांबतो आणि जंगल बुटके होत जाते. कोयनेचे रान या हिरव्या पट्ट्याच्या उत्तरेकडच्या भागात येते. म्हणून काटेकोरपणे त्याला सदाहरित आणि निमसदाहरित जंगल म्हणायचे. नातवाला आम्ही वर्षावनच सांगितले. आपल्या भागातून भुसावळ, मनमाड, पुणे अशा गाडीने एका रात्रीत तिथे पोहोचता येते.

साताऱ्याहून पहाटे निघालो. कासच्या पठारावरून रस्ता जातो. फुलांचा मोसम संपून गेला होता, पठार तपकिरी पडले होते, त्यामुळे तिथे काही पाहिले असे म्हणणार नाही. तिथून खाली उतरत बामणोली. बामणोली हे गाव शिवसागराच्या काठी आहे. कोयना धरणाच्या मागे जे पाणी तुंबले आहे त्याला शिवसागर म्हणतात. लांबी पन्नास किलोमीटरच्या घरात, साठा सुमारे १०५ टीएमसी. वनखात्याच्या चौकीत ओळखपत्रे दाखवायची, अर्ज भरायचा, फी भरायची. पावसाळ्याचे चार महिने हे सगळे बंद असते. गडावर मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत होडी परत यायलाच हवी. हे नियम आम्हाला आवडले. आपल्या असीरगडावर रविवारी काय चालते ते आपण सगळे पाहतोच.

होडी म्हणजे डिझेलवर चालणारी लाँच. दहा-बारा माणसे बसतात. सगळ्यांना केशरी जाकिटे घातली तेव्हा आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "आता फक्त कमंडलू द्या हातात." सकाळचे आठ वाजले होते आणि पाण्यावर धुके असे बसले होते की काठ दिसत नव्हता. दोन्ही बाजूंचे डोंगर वरच्या अर्ध्यातच दिसत होते. तास-सव्वा तासाचा प्रवास. पहिली वीस मिनिटे सगळ्यांनी फोटो काढले, मग सगळे गप्प बसले.

होडीवाल्याने आमचे बोलणे ऐकून विचारले, "कुठनं आला म्हनायचं?" बुऱ्हाणपूर सांगितले. त्याने गाव ऐकले नव्हते. मध्य प्रदेश म्हटल्यावर मागे वळून पाहू लागला. "मग मराठी कसं काय बोलता?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुण्याच्या लग्नात विचारतात, मुंबईच्या लोकलमध्ये विचारतात. पूर्वी आपण यावर पेशवाई, शिंदेशाही असा अर्धा तास इतिहास सांगत असू. काकूंनी एका वाक्यात संपवले, "दादा, आम्ही बोललो ते तुम्हाला समजलं ना? मग झालं." त्याला ते पटले. त्यानंतर तो आमच्याशी मोकळा बोलू लागला, आणि खरे सांगायचे तर या सहलीतले आम्हाला मिळालेले सर्वांत मोलाचे काही असेल तर ते त्याचे बोलणे.

जलाशयाच्या मधोमध त्याने इंजिन मंद केले आणि हाताने खाली दाखवले. "ह्याच्या खाली आमचं घर हाय." त्याचा जन्म नंतरचा. घर त्याच्या आजोबांचे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी भरत गेले तेव्हा कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या खोऱ्यांतली शंभराच्या आसपास गावे उठली. काही लोक वर डोंगरउतारावर सरकले, काही दूरच्या जिल्ह्यांत पाठवले गेले. खाचरांची भातजमीन पाण्याखाली गेली, हाती राहिला तो उतार. उतारावर नाचणी-वरी होते, त्यावर घर चालत नाही. म्हणून बापे माणसे मुंबईला गेली. मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांत जावळी आणि पाटण तालुक्यांतली माणसे इतकी का, याचे एक उत्तर या पाण्यात आहे. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्यातलेच. होडीवाल्याचे वडीलही माथाडीच होते. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या देवळाचा चौथरा वर येतो, मग म्हातारी माणसे होडीने तिथे जाऊन नारळ फोडतात, असे त्याने सांगितले.

आणि या पाण्याची गंमत अशी. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेला वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जायचे. पण धरणाने तिला उलटे फिरवले. डोंगर पोखरून बोगद्यांतून हे पाणी पश्चिमेला, कोकणात पोफळीकडे सोडले जाते, त्यावर वीज होते, आणि मग ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. सगळे टप्पे मिळून १९५० मेगावॉटच्या वर वीजनिर्मितीची क्षमता. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे इथेच भूकंप झाला. आमच्यातल्या दोघांना त्या वेळी घरी रेडिओ लावून बसलेली मोठी माणसे आठवतात. महाराष्ट्र उजळला तो या खोऱ्यातल्या माणसांच्या घरांवर, असे होडीवाला काही म्हणाला नाही. ते आम्हीच नंतर आपसात म्हणालो. तो म्हणाला, "लाईट आमच्याकडं लई उशिरा आली."

होडी लागते त्या जागेचे नाव मेट इंदवली. इथे वनरक्षक बॅगा उघडून प्लॅस्टिकच्या वस्तू मोजतात. बाटल्या किती, पिशव्या किती, बिस्किटांचे पुडे किती, सगळे कागदावर. अनामत ठेवायची आणि परत येताना तितक्याच वस्तू दाखवून सोडवायची. पुण्याची काही तरुण मुले आमच्यापुढे होती, त्यांची मोजणी वीस मिनिटे चालली. आमच्याकडे कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि घरून आणलेली दोन डझन केळी. सगळे फडक्यात बांधलेले. दराबासुद्धा स्टीलच्या डब्यात. वनरक्षकाने केळ्यांकडे पाहिले आणि विचारले, "ही मोजायची का?" बुऱ्हाणपूरच्या केळीला एवढा मान याआधी मिळाला नसेल. दोन केळी त्यालाही दिली.

आता रानाबद्दल.

सुरुवातीला वाट सपाट आहे. शंभर पावलांवर आम्ही थबकलो, कारण झाडांमध्ये घरांची जोती दिसू लागली. दगडी चौथरे, एका ठिकाणी तुळशीवृंदावन, त्याच्याशेजारी जाडजूड आंबा. हे गाव होते. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले, २०१० साली ते चांदोली राष्ट्रीय उद्यानाबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले, २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांमध्ये कोयनेचाही समावेश झाला. या सगळ्या काळात आतली गावे बाहेर गेली. जिथे शेत होते तिथे झुडपे आली, झुडपांच्या मागून झाडे आली. माहितीपत्रकांत या जंगलाला 'अस्पर्श' म्हणतात. ते खरे नव्हे. खालचे रान माणसांच्या पडीक शेतांवर उगवलेले आहे आणि त्याचे वय आमच्यातल्या बहुतेकांहून कमी आहे. जुने रान वर आहे, जिथे चढ इतका तीव्र की नांगर कधी पोहोचलाच नाही.

ओढा ओलांडला की मारुती लागतो आणि चढ सुरू होतो. आणि इथे, मंडळी, एकदम दिवस मावळल्यासारखे झाले. घड्याळात साडेदहा. डोक्यावर पानांचे छत असे सलग की आभाळ नाणी सांडल्यासारखे ठिकठिकाणी दिसते. हवा गार आणि ओली. आपल्या जंगलात डिसेंबरातही दूरवर दिसते, या डोंगरावरून त्या डोंगरावरची गाय मोजता येते. इथे दहा हातांपलीकडे काही नाही. आमच्या पायांखालची पाने वाजत नव्हती. ती कुजून मऊ झालेली, चालताना गादीवर पाय दिल्यासारखे वाटते. ज्यांचा जन्म सागाच्या पाचोळ्याचा आवाज ऐकण्यात गेला त्यांना ही शांतता आधी बिचकवते.

झाडे ओळखण्याचा प्रयत्न केला. इथल्या जंगलाला अभ्यासक तीन झाडांच्या नावांनी ओळखतात : अंजनी, जांभूळ आणि पिसा. जांभूळ आपल्याही ओळखीचे. अंजनी म्हटल्यावर आम्ही आनंदाने म्हणालो, अरे हे तर आपल्याकडे आहे! पण नाही. आपला अंजन वेगळा. निमाड-खानदेशाच्या कातळावर, जिथे गवतही धड उगवत नाही तिथे उभा राहणारा, लोखंडासारख्या लाकडाचा, दुष्काळात गुरांना पाला देणारा वृक्ष तो आपला अंजन. अंजनी हे तिथले बेताच्या उंचीचे, गर्द पानांचे झाड, त्याला निळी-जांभळी फुले खोडाफांद्यांना चिकटून येतात. एका वेलांटीचा फरक आणि दोन जंगलांमधले सगळे अंतर त्यात आले. एक झाड कोरडेपणाशी झगडून लाकूड कठीण करते, दुसरे ओलाव्याच्या भरवशावर बारा महिने पाने सांभाळते.

वेल पाहून तर आम्ही थक्क झालो. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. त्याच्या शेंगा हातभर लांब असतात. कारवीची दाट बेटे होती. ही कारवी सात वर्षांतून एकदाच एकदम फुलते आणि मरते. वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी, पिवळसर सोनेरी धाग्यांची, आणि मधे तळहाताएवढा कोळी. वाटाड्या काठीने जाळे अलगद बाजूला करायचा, तोडायचा नाही. कुठेतरी वर एक पक्षी माणसासारखी शीळ घालत होता. आम्हाला वाटले मागची मुले वात्रटपणा करताहेत. तो कस्तुर निघाला. शेकरू दिसली, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, मोठी तांबूस खार, शेपटी अंगाएवढी. गव्यांचे खूर आणि अस्वलाने उकरलेले वारूळ वाटाड्याने दाखवले. गवा दिसला नाही. वाघ दिसेल असे कुणी मनात धरून जाऊ नये. या प्रकल्पात वाघ अगदी तुरळक आहेत आणि ते आपल्याला दिसण्याआधी आपण त्यांना दिसतो. वाघ पाहायचा तर शेजारचे मेळघाट आहे, आणि तिथेही नशीब लागते.

अडीच तासांत वर. काकूंना सव्वातीन लागले, पण त्या पोहोचल्या. वासोटा समुद्रसपाटीपासून सुमारे ११७० मीटर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी याला व्याघ्रगड नाव दिले. १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली, पुढे वासोटाही स्वराज्यात आला. जावळीचे रान म्हणजे काय ते शाळेच्या इतिहासात आपण वाचतो, पण त्या अंधारातून चढून आल्याशिवाय अफजलखानाला या मुलखात ओढून आणण्यातला डाव नीट कळत नाही. हजारो घोडदळ या झाडीत काय कामाचे? गडावर बिनछपराचे मारुतीचे देऊळ, महादेवाचे मंदिर, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा, वाड्याचे जोते. पश्चिमेला बाबूकडा. त्याच्या काठावर उभे राहून खाली पाहिले की पोटात खड्डा पडतो. सरळ तुटलेली भिंत आणि तळाला पुन्हा तेच गर्द रान, कोकणापर्यंत. हाक मारली की प्रतिध्वनी येतो. आमच्यातल्या सर्वांत गंभीर काकांनी तीनदा 'गणपती बाप्पा' म्हटले आणि डोंगराने तीनदा परत म्हटले.

आता एक गोष्ट, जी ऐकून तुम्हाला हा किल्ला परका वाटणार नाही. १८१७च्या धामधुमीत दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची माणसे या वासोट्यावर ठेवली होती. दोन इंग्रज अधिकारीही इथे कैदेत होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीची लढाई झाली, बापू गोखले पडले. एप्रिलमध्ये इंग्रजांनी तोफा डागून वासोटा घेतला. आणि बाजीराव पळत पळत कुठे आला? आपल्याकडे! असीरगडाच्या पश्चिमेला धूळकोटच्या परिसरात त्याचा शेवटचा तळ होता, आणि ३ जून १८१८ रोजी तो माल्कमच्या स्वाधीन झाला. पुढच्याच वर्षी, १८१९च्या एप्रिलात, असीरगडही इंग्रजांकडे गेला. वासोटा आणि असीरगड, एक ओल्या रानातला आणि एक कोरड्या. त्याच एका कहाणीची ही दोन टोके आपल्यापैकी किती जणांनी जोडून पाहिली होती? आम्ही तरी नव्हती.

उतरताना वाद झाला. तो इथे मांडल्याशिवाय हा वृत्तान्त पुरा होणार नाही.

आमच्यातल्या एका सेवानिवृत्त शिक्षकांचे म्हणणे असे : डोळ्यांनी पाहिले ना? माणसे हलवली, कुऱ्हाड थांबवली, आणि चाळीस वर्षांत शेताचे जंगल झाले. मग आपल्याकडे हेच का करू नये? त्यांचा रोख तुम्हाला कळला असेल. नेपानगर आणि नावरा भागात मोठ्या प्रमाणावर जंगल तोडल्याच्या बातम्या २०२२-२३ मध्ये भोपाळपर्यंत गाजल्या. आपले जंगल आधीच थकलेले. नेपा मिलचेच पाहा. १९५६ साली पंडित नेहरूंनी ती देशाला अर्पण केली, देशातला पहिला वर्तमानपत्री कागद तिथे झाला, आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावा. पण तो कागद आपल्या डोंगरांतल्या सालईचा आणि बांबूचा होता. आपल्या वाडवडिलांनी वाचलेल्या कितीतरी वर्तमानपत्रांत सातपुड्याची सालई होती. वर नवी तोड. शिक्षकांचा संताप खोटा नाही.

दुसरी बाजू काकूंनी लावून धरली. त्या म्हणाल्या, होडीवाल्याला विचारा की जंगल कसे वाढले. त्याच्या आजोबांचे घर पाण्यात गेले, शेजाऱ्यांची शेते झाडांत गेली, बाप मुंबईत ओझी वाहून वाकला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी आजही तिथे मोर्चे निघतात, साठ वर्षे होऊन गेली तरी. आपण वर जाऊन 'वा, काय रान आहे' म्हणतो, ते या हिशेबात धरायला नको का? आणि आपल्याकडच्या डोंगरांत बारेला, भिलाला, कोरकू पिढ्यान् पिढ्या राहतात. २००६च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कसणाऱ्यांना हक्क आहे. जुना राहणारा कोण आणि कालपरवा कुऱ्हाड घेऊन आलेला कोण, हे वेगळे करायचे सोडून सगळ्यांना एका काठीने हाकणार का?

शिक्षकांनी उत्तर दिले की वेगळे करायला वेळ लागतो आणि झाड पडायला दोन तास लागतात. यावर काकूंकडे उत्तर नव्हते. आणि होडीवाल्याच्या आजोबांच्या घरावर शिक्षकांकडे नव्हते. होडीत परत बसेपर्यंत हे चालले. होडीवाला ऐकत होता. शेवटी आम्हीच त्याला विचारले, "दादा, तुम्ही काय म्हणता? जंगल राहावं की गाव?" तो जरा वेळ सुकाणू धरून उभा राहिला. "रान ऱ्हायलं म्हनून तुमी आला. तुमी आला म्हनून माजा पोरगा मुंबईला न्हाई गेला. पन बा असता तर बा न्हाई म्हनला असता." दराब्याचा डबा आम्ही त्याला पूर्ण दिला.

अकरांत अजूनही एकमत नाही. सहा शिक्षकांच्या बाजूला, चार काकूंच्या, आणि एक जण दोन्हीकडे मान डोलावतात.

एका गोष्टीवर मात्र सगळे एक आहोत. आपण आपल्याच रानाला परके झालो आहोत. या शहराचे पाणीच घ्या. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, कुंडी भंडारा झाला. सातपुड्याच्या पायथ्याला मुरलेले पाणी जमिनीखालच्या भुयारातून, शंभरावर कुंड्यांच्या रांगेतून, पंप न लावता शहरात आणले. इराणी तज्ज्ञाने आखलेली ही योजना आजही पाहायला परदेशातून लोक येतात. लालबागेजवळ लिफ्टने खाली उतरले की पाणी झिरपताना दिसते. ते पाणी डोंगरात मुरते कशामुळे? उघड्या खडकावर पडलेला पाऊस तासाभरात तापीला जातो. झाडाच्या मुळांनी, पाचोळ्याने अडवला तो जमिनीत उतरतो. कोयनेच्या रानात डिसेंबरातही ओढे वाहताना पाहिले तेव्हा आम्हाला पहिली आठवण कुंडी भंडाऱ्याची झाली. आपल्याला वर्षावन मिळणार नाही, पावसाची तेवढी माया आपल्यावर नाही. पण तीस इंच पडतो त्यातला किती मुरतो, हे सालई आणि अंजन किती उरले त्यावर ठरते.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही अर्ज दिला आहे. येत्या डिसेंबरात मंडळातर्फे दोन पायी फेऱ्या. पहिली कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्यांच्या रांगेने, जमिनीवरून, शेवटच्या कुंडीपासून डोंगराच्या दिशेने. ही सोपी आहे, आजी-आजोबांनीही यावे. दुसरी असीरगडाच्या पायथ्याच्या जंगलात, वनखात्याची परवानगी घेऊन, शक्य झाल्यास एखाद्या कोरकू किंवा बारेला वाटाड्याबरोबर, कारण झाडांची नावे त्यांना येतात, आम्हाला येत नाहीत. प्रत्येकाने घरातले एक शाळकरी मूल बरोबर आणावे. खाणे फडक्यात. प्लॅस्टिक आम्ही दारातच मोजू, आणि ते वनरक्षकापेक्षा कडक मोजू.

वासोट्याला जायचे असेल त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ऑक्टोबरच्या मध्यापासून वाट उघडते, डिसेंबर-जानेवारी उत्तम. पहिल्या होडीनेच निघावे, नाहीतर उतरताना घाई होते आणि घाईत गुडघे जातात. बूट जुने, वापरलेले घाला. शनिवार-रविवार टाळा. चढ झेपणार नसेल तरी बामणोलीपर्यंत जा, होडीने पाण्यात फिरा आणि होडीवाल्याशी बोला. आमच्याच बरोबरचे एक काका वर आले नाहीत, दिवसभर काठावर बसले, आणि सर्वांत जास्त गोष्टी त्यांनाच कळल्या.

डिसेंबरच्या फेऱ्यांसाठी नावे विसर्जनाच्या आधी चिटणीसांकडे द्यावीत. शिक्षक आणि काकू दोघांचीही नावे आधीच आली आहेत.